टर्बाइनवर चाललेली जर्मन एंजिने

1924 सालच्या शरद ऋतूत बर्लिनजवळच्या सेडीन येथे, जेथे एरवी मालगाड्यांचे डबे सोडण्याजोडण्याचे रूक्ष काम अहोरात्र चाले अशा विस्तीर्ण यार्डात, जर्मन रेल्वेने आपल्या यंत्रविद्येचे एक मोठे प्रदर्शन भरवले होते. तेथे उभ्या केलेल्या एंजिनांच्या रांगेत एसेनच्या क्रुप कारखान्याचे एक एंजिन असे होते की, जाणत्या माणसाने ते पाहताच थबकावे. त्याच्या दोन्ही अंगांना सिलिंडर नव्हते. चाके परस्परांशी जोडदांड्यांनी बांधलेली होती, पण त्या दांड्यांना मागेपुढे रेटणारा दट्ट्या कोठेच दिसत नव्हता. पुढच्या बाजूला, धूम्रपेटीच्या खाली, एक बोजड लोखंडी आवरण होते आणि पाठीमागच्या टेंडरला कोळसा-पाण्याच्या नेहमीच्या गाड्याचे रूप नसून ते एखाद्या कारखान्याचा तोडून आणलेला भाग असावा असे भासत होते. या एंजिनाचा दप्तरी क्रमांक टी 18 1001 असा होता. वाफेवर चालणारे, पण दट्ट्यावाचून चालणारे, असे हे जर्मनीतील पहिले मोठे एंजिन.

तोफा ओतणाऱ्या क्रुपसारख्या कारखान्याने रेल्वेच्या एंजिनांत लक्ष घालावे, यामागे हौस नव्हती, तहनाम्याची सक्ती होती. पहिल्या महायुद्धात पराभव पावल्यावर जर्मनीवर शस्त्रास्त्रनिर्मितीची बंधने आली, आणि हजारो कामगार व अजस्र यंत्रसामग्री रिकामी बसवण्यापेक्षा क्रुपने 1919 पासून एंजिने बांधण्याचा नवा उद्योग आरंभिला. त्या उद्योगाला गिऱ्हाईकही तयार होते. कारण युद्धतहकुबीच्या करारान्वये जर्मनीला पाच हजार एंजिने आणि दीड लाख डबे जेत्यांच्या हवाली करावे लागले होते. कोळशाची अवस्था त्याहून बिकट होती. सारचा कोळसा हातचा गेला, वरच्या सायलेशियाचा मोठा वाटा गेला, उरलेल्यातून नुकसानभरपाईदाखल फ्रान्सला कोळसा द्यावा लागे, आणि 1923 च्या जानेवारीत तर फ्रेंच व बेल्जियन फौजांनी रूरच्या खाणींचा मुलूखच ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी डॉझ योजनेखाली खुद्द रेल्वेची एक कंपनी बनवून तिचे उत्पन्न नुकसानभरपाईच्या फेडीसाठी तारण ठेवण्यात आले. ज्या खात्याचा प्रत्येक पैसा परक्या सावकाराच्या नजरेखालून जातो, त्या खात्याला कोळशाच्या टोपलीचाही हिशेब ठेवावा लागतो, हे उघड आहे.

आणि हिशेब ठेवू लागताच जे दिसे ते लाजिरवाणे होते. त्या काळचे चांगले वाफेचे एंजिन आपल्या भट्टीत जाळलेल्या कोळशाच्या शंभर भाग उष्णतेपैकी सहा ते आठ भागच गाडी ओढण्याच्या कामी लावू शके. बाकीची सारी उष्णता धुराड्यावाटे, आणि विशेषतः काम संपवून बाहेर पडणाऱ्या वाफेबरोबर, आकाशात जाई. त्याच सुमारास शहराशहरांतून उभ्या राहणाऱ्या वीजघरांत तोच कोळसा आणि तीच वाफ कितीतरी अधिक काम देत होती, आणि तेथे दट्ट्याचे नाव नव्हते. तेथे टर्बाइन होते. तेव्हा वीजघरातील टर्बाइन उचलून रुळांवर का ठेवू नये, हा प्रश्न कोणाही विचारी यंत्रज्ञाच्या मनात यावा यात नवल नाही. नवल असेल तर ते इतकेच की, या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी एका दरिद्री झालेल्या राष्ट्राने इतका खर्च सोसला.

टर्बाइनचे तत्त्व सांगायला सोपे आहे. जत्रेतल्या भिंगरीवर फुंकर मारली की ती फिरते. तशीच पोलादी पात्यांच्या चक्रावर वाफेचा झोत सोडला की चक्र फिरते, आणि एकामागून एक अशी अनेक चक्रे एकाच आसावर बसवली की, एका चक्रावर थोडा दाब खर्च करून वाफ पुढच्या चक्राकडे जाते व शेवटच्या चक्रापाशी पोहोचेपर्यंत तिच्यातील जोर जवळजवळ निघून गेलेला असतो. दट्ट्याच्या एंजिनात वाफ दट्ट्याला एकदा इकडे व एकदा तिकडे ढकलते. त्यामुळे अवजड दांडे क्षणोक्षणी थांबतात, उलटतात, आणि त्यांचा हादरा चाकांतून रुळांना बसतो. टर्बाइनमध्ये उलटसुलट काहीच नाही, सारे एका दिशेने सुरळीत फिरते. म्हणून रूळ व पूल यांची जोखीम सांभाळणाऱ्या अभियंत्यांनाही या यंत्राविषयी ममत्व वाटावे, हे स्वाभाविकच होते.

परंतु टर्बाइनची खरी किमया या सुरळीतपणात नाही. ती वाफेला अखेरच्या थेंबापर्यंत पिळून घेण्यात आहे, आणि त्यासाठी वाफेने बाहेरच्या हवेत न पडता एका निर्वात, थंड पात्रात पडावे लागते. या पात्राला संघनक म्हणतात. एक किलो पाण्याची वाफ साध्या हवेच्या दाबाला सुमारे पावणेदोन घनमीटर जागा व्यापते. तीच वाफ हवेच्या दाबाच्या एक दशांशापर्यंत सैल होऊ दिली, तर तिला पंधरा घनमीटरांच्या आसपास जागा लागते. म्हणजे दट्ट्याच्या सिलिंडरात हा शेवटचा विस्तार करायचा म्हटले तर सिलिंडर एंजिनाहून मोठा व्हावा. टर्बाइनच्या पात्यांमधून मात्र ही अफाट विस्तारलेली वाफ सहज वाहून जाते, आणि जाता जाता जे काम करते ते दट्ट्याच्या एंजिनाला स्वप्नातही मिळत नाही. वीजघराच्या काटकसरीचे मर्म ते हेच. ते एंजिनात आणायचे तर टर्बाइन एकटे येऊन भागत नाही. त्याच्या पाठोपाठ संघनक आलाच पाहिजे, आणि या प्रकरणातील बहुतेक दुःखे संघनकाच्या पावलांनी आत आली.

वीजघर नदीकाठी बांधता येते. एंजिनाबरोबर नदी चालत नाही. जोरात धावणाऱ्या मेलगाडीचे एंजिन तासाला दहा टनांहून अधिक पाण्याची वाफ करते, आणि ती पुन्हा पाण्यात बदलायची तर तिच्यातील प्रचंड उष्णता कोठे तरी फेकावी लागते. क्रुपच्या एंजिनात संघनक एंजिनाच्याच चौकटीवर होते. त्यांतून फिरून तापलेले पाणी टेंडरमध्ये जाई आणि तेथे ते पसरून, पंख्याने त्यावर हवा सोडून, थोडे पाणी वाफाळून उडू देऊन बाकीचे थंड केले जाई. येथे एक गंमत आहे. असे पाणी उडवून थंडावा मिळवायचा म्हटला, म्हणजे जितक्या वाफेचे पाणी करायचे जवळजवळ तितकेच पाणी हवेत घालवावे लागते! तेव्हा पाण्याची बचत झाली असे म्हणायला जागा नाही. लाभ इतकाच की, बॉयलरात पुन्हा पुन्हा तेच शुद्ध, ऊर्ध्वपातित पाणी जाई, त्यामुळे नळ्यांवर क्षारांची पुटे चढत नसत. टर्बाइनमध्ये सिलिंडरसारखे तेल वाफेत मिसळत नाही, म्हणून हे पाणी तेलकटही होत नसे. बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे.

दुसरी अडचण अशी की, संघनक आला की धुराड्याचा प्राण गेला. स्टीफन्सनच्या काळापासून आगगाडीच्या एंजिनाची एक साधी पण अप्रतिम युक्ती चालत आली आहे: काम संपलेली वाफ धुराड्यातून जोराने सोडायची, तिच्याबरोबर धूर ओढला जातो, आणि भट्टीत आपोआप वारा शिरतो, एंजिन जितके अधिक राबेल तितकी भट्टी अधिक पेटते. याला पंखा लागत नाही, चालवणारा माणूस लागत नाही, दुरुस्ती तर जवळजवळ लागतच नाही. आगगाडीचा सुपरिचित भकभकाट तो हाच. वाफ संघनकात नेऊन सोडली की हा फुकटचा नोकर निघून जातो आणि त्याच्या जागी धूम्रपेटीत एक वेगळा पंखा, तो फिरवायला वेगळे छोटे टर्बाइन, आणि त्या दोघांची देखभाल अशी नवी तैनात ठेवावी लागते. धूम्रपेटीत उष्ण वायू व राख यांचा मारा अखंड चालतो. तेथे वेगाने फिरणाऱ्या पंख्याची काय गत होते हे सांगायला यंत्रज्ञ नको.

तिसरी अडचण टर्बाइनच्या स्वभावातच आहे. त्याला उलटे फिरता येत नाही, म्हणून मागे जाण्यासाठी दुसरे टर्बाइन बसवावे लागे, आणि गाडी पुढे धावत असता ते बिचारे रिकामेच गरगरत राही. शिवाय टर्बाइनला त्याचा ठरावीक वेगच मानवतो. शंभर किलोमीटरच्या वेगाने धावताना सुमारे पावणेदोन मीटर व्यासाचे चाक मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेते. टर्बाइन मात्र कित्येक हजार फेऱ्यांच्या भाषेत बोलते. मध्ये दातेरी चाकांचा संच घालून एकाची भाषा दुसऱ्याला समजावता येते, पण गाडी स्टेशनातून सुटते तेव्हा चाक जवळजवळ स्थिर असते, आणि त्या वेळी टर्बाइनही रेंगाळत असल्याने वाफ त्याच्या पात्यांवरून निष्फळ निघून जाते. वीजघरातील टर्बाइन सकाळी एकदा लय पकडते आणि दिवसभर त्याच लयीत राहते. आगगाडीचे आयुष्य थांबण्यात, सुटण्यात, सिग्नलपाशी खोळंबण्यात आणि चढ चढण्यात जाते. जहाजांना टर्बाइन का मानवले आणि एंजिनांना का नाही, याचे कारण पुष्कळसे यातच आहे: समुद्रावर स्टेशने नाहीत.

या साऱ्या अडचणी जर्मनांना ठाऊक नव्हत्या असे नाही. क्रुपने जी रचना घेतली ती स्वित्झर्लंडमधील हाइन्रिख त्सोएली यांची होती. झुरिकच्या एशर विस कारखान्याशी संबंध असलेल्या या यंत्रज्ञाच्या टर्बाइनवर विंटरथूरच्या एंजिन कारखान्याने 1921 मध्ये एका जुन्या एंजिनात बदल करून प्रयोग केला होता. आणि स्वीडनमध्ये ल्युंगस्ट्रोम यांनीही त्याच सुमारास आपले संघनकयुक्त एंजिन रुळांवर आणले होते. विंटरथूरच्या या कारखान्याचे नाव आपल्याकडील रेल्वेच्या जुन्या माणसांना अपरिचित नसावे. बोरघाट व थळघाट चढण्यासाठी जी. आय. पी. रेल्वेने जी विजेची एंजिने आणली, ज्यांना आपल्याकडे ‘खेकडा’ म्हणत, त्यांतील पहिली काही याच कारखान्यातून आली होती. त्या खेकड्यांप्रमाणेच क्रुपच्या एंजिनातही मधल्या एका आसावरून जोडदांड्यांनी चाके फिरवली जात. टर्बाइनमुळे चाकांना मागेपुढे हिसके नसत, म्हणून ती चाके फार मोठी ठेवण्याचीही गरज नव्हती. त्याच काळातील 01 जातीच्या जर्मन मेल-एंजिनाची चाके पूर्ण दोन मीटर व्यासाची होती.

क्रुपच्या पाठोपाठ म्युनिकच्या माफाय कारखान्याने 1926 मध्ये आपले एंजिन बांधले. त्याचा क्रमांक टी 18 1002. माफाय हा जुना, खानदानी कारखाना. बव्हेरियाची एस 3/6 ही जगप्रसिद्ध मेल-एंजिने त्याचीच, आणि 1907 मध्ये 154.5 किलोमीटरचा वेग गाठणारे एस 2/6 हेही त्याचेच. क्रुपच्या बॉयलरात वाफेचा दाब पंधरा वातावरणांचा होता, तर माफायने तो बावीसपर्यंत नेला. दोन्ही एंजिने कसोटीला उतरली, इतकेच नव्हे तर प्रयोगशाळेच्या अंगणात गंजत न राहता त्यांनी पुढे अनेक वर्षे प्रत्यक्ष गाड्या ओढल्या. ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण अशा यंत्रांची कहाणी सांगणारे लोक त्यांना हमखास हास्यास्पद ठरवतात. ती हास्यास्पद नव्हती; ती चालत होती, आणि कोळशातही काही बचत करत होती. फक्त त्या बचतीचा पैसा ज्या खिशात यायचा त्याच खिशातून दुरुस्तीसाठी बाहेर जात होता. माफाय कारखाना स्वतःच 1930 च्या सुमारास आर्थिक संकटात सापडला व क्राउस कारखान्यात विलीन झाला, हा दोष अर्थात टर्बाइनचा नव्हे; त्या काळी जर्मनीत सावकाराच्या दारी न गेलेला कारखाना विरळा.

तिसरा प्रयत्न कासेलच्या हेन्शेल कारखान्याचा, आणि मला तो या सर्वांत अधिक चतुर वाटतो. प्रशियाचे पी 8 हे एंजिन म्हणजे जर्मन रेल्वेतील कष्टाळू, बिनतक्रारी नोकर. ते साडेतीन हजारांहून अधिक बांधले गेले होते. हेन्शेलने 1927 मध्ये त्यांतील 38 3255 हे एक एंजिन घेतले, त्याचे सिलिंडर व दट्टे तसेच ठेवले, आणि सिलिंडरांतून बाहेर पडणारी वाफ टेंडरवर बसवलेल्या टर्बाइनकडे नेली. म्हणजे चढावर व स्टेशनातून सुटताना दट्ट्याने आपला जोर दाखवावा आणि दट्ट्याने टाकून दिलेल्या वाफेतून टर्बाइनने उरलेसुरले काम काढून टेंडरची चाके फिरवावीत. तर्काच्या दृष्टीने यात उणे काढायला जागा नाही. पण आता एकाच गाडीवर दोन जातींची यंत्रे झाली, दोन जातींचे आजार झाले, आणि दट्ट्याबरोबर सिलिंडरचे तेलही संघनकात येऊ लागले. 1937 मध्ये हे एंजिन पुन्हा पूर्ववत साधे पी 8 करण्यात आले.

या प्रयोगांकडे जर्मन रेल्वेचे धुरीण कोणत्या नजरेने पाहत होते, हे त्यांनी त्याच वर्षांत दुसरीकडे काय केले त्यावरून कळते. एंजिनांच्या रचनेचे सूत्रधार रिखार्ड पाउल वाग्नर यांनी सर्व प्रांतांच्या निरनिराळ्या जातींऐवजी थोड्या, ठरावीक, एकसारख्या जाती बनवण्याचे धोरण अंगीकारले होते, आणि 1926 पासून येऊ लागलेले 01 हे त्या धोरणाचे पहिले मोठे अपत्य: मोठा बॉयलर, दोन सिलिंडर, साधी रचना, आणि देशातल्या कोणत्याही शेडमधल्या फिटरने डोळे झाकून उघडावे-जोडावे असे भाग. प्रयोगांना त्यांनी मज्जाव केला नाही. साठ वातावरणांच्या दाबाचे एक एंजिन 1925 मध्ये झाले, पुढे एकशे वीस वातावरणांचेही झाले; पण त्यांतील एकही दुसऱ्या प्रतीच्या हुकुमापर्यंत पोहोचले नाही. ज्या खात्याला हजारो गाड्या वेळेवर सोडायच्या असतात, त्याला दहा टक्के कमी कोळसा खाणाऱ्या पण महिन्यातून दोनदा आजारी पडणाऱ्या यंत्रापेक्षा भरपूर खाणारे आणि रोज कामावर येणारे यंत्र प्यारे असते. याला कोणी कल्पनादारिद्र्य म्हणेल. मी व्यवहार म्हणेन.

वेगाची बाजू टर्बाइनला वाचवील अशी आशा होती, तीही फार टिकली नाही. 1933 च्या मे महिन्यात बर्लिन-हॅम्बुर्ग मार्गावर डिझेलची दोन डब्यांची गाडी सुरू झाली आणि तिने एकशे साठ किलोमीटरचा वेग रोजच्या वेळापत्रकात आणला. 1936 च्या मे महिन्याच्या 11 तारखेला बोर्सिग कारखान्याच्या 05 002 या एंजिनाने त्याच मार्गावर 200.4 किलोमीटरचा वेग गाठला, आणि ते एंजिन दट्ट्याचे होते! दट्ट्याला वेग झेपत नाही, हा टर्बाइनवाल्यांचा आवडता युक्तिवाद त्या दिवशी निकालात निघाला.

यानंतर महायुद्ध आले. क्रुपचे एंजिन 1940 मध्ये आणि माफायचे 1943 मध्ये हवाई हल्ल्यांत निकामी झाले. दोन्ही पुढे भंगारात गेली. परंतु याच युद्धात संघनकाला एक अनपेक्षित मानाची जागा मिळाली. रशियाच्या ज्या मुलुखात जर्मन फौजा शिरल्या तेथे मैलोगणती पाणी नव्हते आणि जेथे होते तेथे पाण्याच्या टाक्या उडवल्या गेलेल्या असत. म्हणून हेन्शेलने 52 जातीच्या युद्धकालीन मालएंजिनाला प्रचंड लांब संघनक-टेंडर जोडले. या एंजिनांत चाके ओढणारे दट्टेच राहिले. त्यांतून बाहेर पडलेल्या वाफेने आधी धुराड्याच्या पंख्याचे टर्बाइन फिरवायचे, मग तेल गाळून टेंडरवरच्या पंख्यांचे टर्बाइन फिरवायचे, आणि शेवटी नुसत्या हवेने थंड होऊन पाणी बनायचे. पाणी हवेत उडवायचे नसल्याने येथे बचत खरी होती: एकदा टाकी भरली की असे एंजिन हजार किलोमीटरपर्यंत मजल मारू शके. अशी दीडशेहून अधिक एंजिने बांधली गेली. युद्धानंतर हीच विद्या घेऊन दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने कारूच्या रखरखीत पठारासाठी 90 संघनक-एंजिने चालवली. म्हणजे ज्या संघनकाने टर्बाइनच्या एंजिनाला बुडवले, तोच संघनक दट्ट्याच्या एंजिनाला वाळवंटात तारून गेला. मात्र तेथे त्याच्याकडून कोळशाच्या बचतीची अपेक्षा नव्हती, पाण्याची होती.

टर्बाइनचे म्हणाल तर ते रेल्वेतून कधी हद्दपार झाले नाही. ते फक्त गाडीवरून खाली उतरले. 1924 मध्येच बव्हेरियाच्या डोंगरात वाल्खेन सरोवराच्या पाण्यावर मोठे वीजघर सुरू झाले, आणि तेथील जलटर्बाइनांचा एक वाटा खास रेल्वेची वीज बनवण्यासाठी राखला गेला; मध्य जर्मनीत बिटरफेल्डजवळच्या मुल्डेनस्टाइन येथे तर त्यापूर्वी कैक वर्षे भुऱ्या कोळशाच्या वाफेवर टर्बाइन फिरवून रुळांवरच्या तारांत वीज सोडली जात होती. माफायचे एंजिन आपल्या पोटात वीजघर घेऊन धापा टाकत असता, त्याच म्युनिकहून सुटणाऱ्या विजेच्या गाड्यांचे टर्बाइन डोंगरात एका जागी स्थिर फिरत होते, तेही मुबलक पाण्याजवळ, आणि जेथे त्याला ना स्टेशनात थांबावे लागे ना मागे जावे लागे. या दोहोंत अखेर कोण जिंकणार हे त्या वेळी ओळखणे फार कठीण नव्हते, असे आज आपण म्हणतो. तेव्हा तारा टाकण्याचा खर्च पाहून कित्येक शहाण्यांची छाती दडपत होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

एंजिनावरच्या टर्बाइनचे मुख्य दुखणे संघनकात होते, या माझ्या विवेचनाला एक उदाहरण पुष्टी देते. स्वीडनच्या ग्रेंगेसबेर्ग येथील लोहखनिज वाहणाऱ्या रेल्वेने 1930 नंतर टर्बाइनची तीन मालएंजिने घेतली, आणि त्यांत संघनक ठेवलाच नाही. वाफ जुन्या रीतीने धुराड्यातून सोडून दिली. काटकसरीचा मोठा वाटा त्यांनी हातचा सोडला, पण त्याबरोबर पंखे, थंडाव्याची टाकी व त्यांचे सारे आजारही टळले. ती एंजिने दोन दशकांच्या आसपास खनिजाच्या जड गाड्या निमूटपणे ओढत राहिली आणि मार्गावर विजेच्या तारा आल्यावरच निवृत्त झाली. इंग्लंडमध्ये एंजिनांचे रचनाकार स्टेनियर यांनी 1935 मध्ये तोच धडा गिरवून बिनसंघनकाचे 6202 हे एंजिन बांधले, आणि तेही बरीच वर्षे मेलगाड्या ओढत होते. जर्मनीची ती दोन्ही एंजिने आज पाहायला मिळत नाहीत. टर्बाइनवर चालणारे वाफेचे एंजिन डोळ्यांनी पाहण्याची ज्यांना इच्छा असेल, त्यांनी स्वीडनमधील ग्रेंगेसबेर्गच्या रेल्वे संग्रहालयात जावे. स्वीडनच्या त्या जातीचे एंजिन तेथे जतन केलेले आहे.